प्रार्थनेची विनंती

उपदेश संपला, पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या टेबलावरचं पांढरं कापड उचललं आणि मागच्या बाकांवरून सात पोरं उठून बाहेर गेली. गुपचूप नव्हे, चांगली चपला वाजवत, एकामागोमाग एक. सात म्हणजे सातच, कारण माझे वडील मोजत होते.

अण्णा आमच्या शिरसमाळच्या ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले तरी हजेरी घ्यायची सवय काही सुटली नव्हती, ती शाळेतून देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आली एवढंच. उपासना सुटल्यावर ते तरातरा घरी निघाले. घराच्या पायरीवर आल्यावर म्हणाले, “तिसरा महिना. प्रभूचं ताट वाढलेलं असताना पाठ फिरवून जातात. आमच्या वेळी असं कुणी केलं असतं तर बापाने चामडी लोळवली असती.”

दुपारी पंच कमिटी आमच्याच पडवीत बसली. पंच कमिटी म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे सहा वडीलधारे आणि पाळकसाहेब. मी चहा घेऊन गेले तेव्हा पोरांवर खल चालला होता. कुणी म्हणालं, व्हिडिओने वाटोळं केलं. कुणी म्हणालं, क्रिकेट. एका पंचांच्या मते दोष सगळा केसांचा होता, पोरांनी ते कानावर येईपर्यंत वाढवले होते. पाटोळेसाहेब, आमचे पाळक, बत्तीस वर्षांचे, मंडळीत येऊन आठ महिने झालेले. ते हळूच म्हणाले, “आपण त्यांना विचारलंय का?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पोरांना विचारायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“श्रद्धा, न्याय, मंडळी, सगळ्याबद्दल त्यांना काय वाटतं ते आपल्याला कळायला हवं,” साहेब म्हणाले. “आपण विचारलं तर ती बोलणार नाहीत. त्यांच्यातलंच कुणी हवं.”

“मग कुमुद आहे की!” पंचांतले शमुवेलकाका म्हणाले. “शब्बाथ शाळेत पोरं हिच्यावर जीव टाकतात. काय गं, विचारशील ना?”

मी चोवीस वर्षांची होते. आठवडाभर मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी सकाळी मोठ्या मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग घ्यायचे. पंच कमिटीने मला काही काम सांगावं हा मान होता, आणि तो शमुवेलकाकांनी दिला याचा मला फारच आनंद झाला. हे मुद्दाम सांगतेय. शमुवेल वाघचौरे हा माणूस साऱ्या मिशन कंपाउंडला आवडायचा. पेटी वाजवत ते गायला लागले की म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसायच्या. माझी आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तिची कबर खणायला पहिली कुदळ त्यांनी मारली आणि तीन दिवस अण्णांच्या उशाशी बसून राहिले. त्यांचे उपकार मी विसरणं शक्य नव्हतं.

पुढचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पंचांसमोर मुलांचं म्हणणं मांडायचं असं ठरलं.

मी कामाला लागले ती अगदी मास्तरणीसारखी. दहा प्रश्न काढले, शाळेतल्या यंत्रावर त्यांच्या प्रती काढल्या आणि पुढच्या रविवारी वर्गात वाटल्या. “तुम्ही दररोज प्रार्थना करता का? नसल्यास कारण लिहा.” असे ते प्रश्न. नोएल लोंढे कागद हातात धरून बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बघत राहिला.

“ताई, पेपर किती मार्कांचा?”

“नोएल!”

“नाही, म्हणजे पास व्हायला किती लागतात? आमच्या आजीला पण देतो एक. ती नापास झाली तर मजा येईल.”

सगळे हसले. मीही हसले, काय करणार! हसली नाही ती फक्त सुवार्ता. पंधरा वर्षांची, हडकुळी, दोन घट्ट वेण्या. आमच्याकडे मुलींना असली नावं सर्रास ठेवतात, पण या नावासारखी वागणारी मुलगी मी एकच पाहिली. काही सांगायचं असलं की ती ते सरळ सांगायची. शमुवेलकाकांची ती एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी तिची आई, सरोजमावशी, तिला घेऊन नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली होती आणि मिशनच्या दवाखान्यामागच्या एका खोलीत राहत होती. मावशी दवाखान्यात आया होती.

सुवार्ताने कागदाची नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“ताई, यात तो प्रश्नच नाही.”

“कुठला?”

“आम्ही उठून कुठं जातो?”

खरंच की. दहा प्रश्न काढले, आणि हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

“कुठं जाता?”

“तुम्ही खिडकीतून वाकून बघितलं असतं ना ताई,” नोएल म्हणाला, “तर एवढा कागद वाया गेला नसता.”

मग त्यांनी मला तिथे नेलं. देवळाच्या मागे एक जुनी विहीर होती. तिच्या कठड्याला लागून कडुनिंबाच्या सावलीत दगडी पाट होता. “इथं,” सुवार्ता म्हणाली. “आई इथं बसते. आम्ही तिच्यापाशी बसतो. आत भोजन संपेपर्यंत.”

आता नियम सांगायला हवा. आमच्या मंडळीत कुणाच्या हातून मोठी चूक झाली की पंच त्याला ‘शिस्तीखाली’ ठेवत. त्याने उपासनेला यायचं, गाणी म्हणायची, उपदेश ऐकायचा, पण टेबलावरचं कापड उचललं की उठून बाहेर जायचं. भाकर आणि प्याला त्याच्यासाठी नाही. सरोजमावशी दोन वर्षं शिस्तीखाली होती. कारण काय, तर तिने नवरा सोडला. घर सोडलं त्या दिवशी तिचा उजवा हात मनगटात मोडलेला होता आणि तो कुणी मोडला हे सगळ्या कंपाउंडला माहीत होतं. शमुवेलकाकांनी पंचांसमोर गुडघे टेकून, रडून माफी मागितली. त्यांना त्याच बैठकीत माफी मिळाली. मावशीला सांगितलं, आता परत जा. ती म्हणाली, “मी माफ केलं, पण परत जात नाही.” या वाक्यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी तिला बाहेर बसवलं. ठराव माझ्या अण्णांच्या वळणदार अक्षरात होता.

हे सगळं मला माहीत होतं. महिन्याच्या महिन्याला मावशी उठून जाताना मी बघत होते. मला वाटायचं, वाईट आहे, पण मोठ्या माणसांनी विचार करूनच ठरवलं असेल. सुवार्ता आईबरोबर जाते यात नवल नव्हतं. बाकीचे सहा जण खेळायला जात असतील असं सगळ्यांसारखं मीही धरून चालले होते.

“आम्हाला आतलं नको आहे असं नाही ताई,” सुवार्ता म्हणाली. “मला तर फार हवं आहे. पण आई इथं बसलेली असताना आत घशाखाली उतरत नाही.”

“बाबा प्याल्यांचं ताट फिरवतात,” नोएल म्हणाला. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती. “म्हणजे हिचे बाबा. ज्यांनी हात मोडला ते वाटणार, आणि जिचा मोडला ती विहिरीवर. प्रभू आला तर आधी कुठं बसेल ताई? तुम्हीच शिकवलंय आम्हाला.”

मीच शिकवलं होतं. फळ्यावर चित्रं काढून शिकवलं होतं. एक सांगते, त्या कडुनिंबाखाली त्या पोरांमध्ये बसून मला जे वाटलं ते देवळात त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मी ज्यांना शिकवत होते ती माझ्यापुढे निघून गेली होती आणि मला हाका मारत होती. त्या दिवशी मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. आजही व्हायचं आहे.

“तुम्ही लिहा,” मी म्हणाले. “प्रश्न नकोत. तुमच्या शब्दांत लिहा. मी पंचांसमोर वाचून दाखवते.”

“जसंच्या तसं?” सुवार्ताने विचारलं.

“जसंच्या तसं.”

“शब्द द्या.”

मी तिच्या हातावर हात ठेवला.

तीन आठवडे ती सातही पोरं आमच्या शाळेच्या वर्गात बसून लिहीत होती. खोडत होती, भांडत होती. नोएलला ‘ढोंगी’ हा शब्द घालायचा होता, सुवार्ताने घालू दिला नाही. ती म्हणाली, शिवी दिली की ते शिवीबद्दलच बोलत बसतील. शेवटी एक पान तयार झालं. वरच्या अर्ध्यात किरकोळ गोष्टी होत्या, उपदेश थोडा आखूड असावा, मुलींनाही बायबलमधला शास्त्रपाठ वाचू द्यावा, वगैरे. खाली लिहिलं होतं:

“सरोजमावशींचा हात मोडला. मोडणारे आत आहेत आणि मावशी बाहेर आहेत. आम्ही दर महिन्याला मावशींपाशी जाऊन बसतो. या रविवारी त्यांना आत बसवा. नाहीतर आम्ही बाहेरच बसू, पण आम्हाला श्रद्धा नाही असं कृपा करून म्हणू नका. आम्हाला देवाबद्दल शंका नाही. तुमच्याबद्दल आहे.”

मी ते दोनदा वाचलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तशीच दवाखान्यामागे मावशीच्या खोलीवर गेले. पोटात आनंद मावत नव्हता. मावशी दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

“सलाम मावशी.”

“सलाम बाई. ये, बस. चहा टाकते.”

“चहा नको. मावशी, या रविवारी तुम्ही आत बसणार.”

तिचा हात सुपात थांबला. “काय बोलतीस?”

“पोरांनी लिहून दिलंय. उद्या मी पंचांसमोर वाचणार आहे. पाटोळेसाहेबांनी स्वतः मागवलंय. ते चांगले आहेत, ऐकतील. आणि एवढं वाचल्यावर ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती आहे?”

“तुझे अण्णा?”

“अण्णांचं मी बघते.”

मावशीने सूप बाजूला ठेवलं. मग पदराने हात पुसत म्हणाली, “दोन वर्सं झाली गं. मला बाहेर बसायचं काही नाही, सावली हाय, पोरं असतात. पर आत ते ताट फिरायला लागलं की एक बारीक आवाज येतो बघ, पेल्यांचा, एकावर एक लागतात तसा. तेवढा आला की माझा जीव कसावीस होतो. भूक लागल्यावर व्हतो ना, तसा.”

तिचे डोळे भरले होते, माझेही. “रविवारी येतेस ना मावशी?” मी निघताना विचारलं. तोवर मी तिला ‘तुम्ही’वरून ‘तू’ म्हणायला लागले होते.

“येते म्हणजे? पांढरं पातळ काढून ठेवते आजच.”

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या पडवीत पंच जमले. पोरांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती अंगणात जास्वंदीच्या कुंपणाशी उभी राहिली. खिडक्या उघड्या होत्या. मी मधोमध उभी राहून कागद उघडला.

वरचा भाग मी ठणठणीत आवाजात वाचला. उपदेशाचं ऐकून पाटोळेसाहेब स्वतःच हसले. “बरोबर आहे पोरांचं,” म्हणाले. मुलींनी शास्त्रपाठ वाचण्याला कुणाची हरकत नव्हती. अण्णांनी वहीत टिपून घेतलं. वातावरण इतकं छान होतं! सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी पुढच्या ओळीवर आले आणि नजर वर उचलली. समोर शमुवेलकाका बसले होते.

ते माझ्याकडे बघून मान डोलावत होते, चाललंय ते चांगलं चाललंय, अशी. मला ती कुदळ आठवली. अण्णांच्या उशाशी काढलेले ते तीन दिवस आठवले. अण्णांच्या हातात पेन होतं, त्याच हाताने त्यांनी तो ठराव लिहिला होता. कागदावरचं वाक्य मला स्पष्ट दिसत होतं. मोडणारे आत आहेत. मी तोंड उघडलं.

“आणि,” मी म्हणाले, “मुलांची एक प्रार्थनेची विनंती आहे. वाघचौरे कुटुंबासाठी.”

हे शब्द कुठून आले ते मला ठाऊक आहे. आमच्या मंडळीत जे सरळ बोलता येत नाही त्याची प्रार्थनेची विनंती होते. मुलगा दारू पितो, प्रार्थनेची विनंती. दोन पंच एकमेकांचं तोंड बघत नाहीत, प्रार्थनेची विनंती. लहानपणापासून मी हेच ऐकत आले होते, त्यामुळे ते आपसूक ओठांवर आलं. मी स्वतःला सांगितलं, आधी प्रार्थना होऊ दे, मनं मऊ होतील, मग उरलेलं वाचते.

“आमेन,” कुणीतरी पुटपुटलं. माना खाली गेल्या. प्रार्थना कुणी करावी याचा क्षणभर अंदाज घेतला गेला, आणि शमुवेलकाका स्वतः उभे राहिले.

त्यांनी प्रार्थना केली. देवा, माझं घर मोडलं आहे, म्हणाले. मी पापी आहे. माझ्या पत्नीचं मन वळव, तिला घरी आण, या लेकरांनी आमची आठवण ठेवली, त्यांना आशीर्वाद दे. त्या आवाजात ते शब्द काय लागत होते म्हणून सांगू! ते रडले. दोन पंच रडले. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मीही रडले, खोटं कशाला सांगू. डोळे मिटलेले असताना मला सगळं खरंच बरं होतंय असं वाटलं.

मग डोळे उघडले. खिडकीबाहेर सात जणांनी माना खाली घातल्या नव्हत्या. सुवार्ता गजांशी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

“आमेन,” अण्णा म्हणाले. “फार चांगलं काम केलंस कुमुद. पोरांच्या मनात एवढी श्रद्धा आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. चहा आण आता.”

“काही राहिलं का?” पाटोळेसाहेबांनी विचारलं. माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांची नजर होती. तो माणूस खरंच विचारत होता, हे मला आज कळतं. मी अजून वाचू शकले असते.

“नाही साहेब,” मी म्हणाले, आणि चहाला गेले.

पोरं फाटकाबाहेर थांबली होती. सहा जण माझ्याशी बोललेच नाहीत. सुवार्ता पुढे आली. आवाज चढला नव्हता.

“ताई, आईने सकाळीच पातळ धुऊन वाळत घातलंय. तुम्ही सांगून आलात ना तिला?”

“मी पुन्हा बोलेन पंचांशी. पुढच्या महिन्यात...”

“तिला काय सांगू?”

“मी सांगते. उद्या सकाळी उपासनेआधी येते आणि मी स्वतः सांगते. तू काही बोलू नकोस.”

“शब्द?” तिने विचारलं, आणि माझ्या उत्तरासाठी थांबली नाही.

सकाळी मी लवकर उठले. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. अण्णांसाठी उपमा केला. भांडी घासली. कधी नव्हे ते कपाटही आवरलं. दवाखान्यामागची खोली आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होती. पहिली घंटा झाली तेव्हा मी चपला घातल्या, दुसरी झाली तेव्हा स्वतःला म्हणाले, आता ती निघालीच असेल, देवळाच्या दारातच गाठू. दारात गर्दी होती. मावशी आत येऊन बसली होती.

ती तिसऱ्या बाकावर बसली होती, दोन वर्षांपूर्वी बसायची तिथेच. पांढरं पातळ कडक इस्त्रीचं, डोक्यावर पदर. सुवार्ता तिच्या शेजारी. गाणी झाली. उपदेश आखूड झाला, पाटोळेसाहेबांनी पोरांचं ऐकलं होतं. मग त्यांनी टेबलावरचं कापड उचललं आणि नेहमीप्रमाणे थांबले.

हा थांबा शिस्तीखालच्या माणसांसाठी असायचा. मावशी उठली नाही. ती हात जोडून, थोडी पुढे झुकून बसली होती. ताट उचलायला टेबलाशी उभे राहिलेले शमुवेलकाका तिच्याकडे बघत राहिले. कुणीतरी खाकरलं. मागच्या बाकावरची सहा पोरं उठली नव्हती, कारण मावशी उठली नव्हती. थांबा लांबत चालला. अण्णांनी पहिल्या बाकावरून मान वळवली आणि मला शोधलं. डोळ्यांनीच म्हणाले, जा, सांग तिला.

मी उठले. तिसऱ्या बाकापर्यंत गेले आणि वाकले.

“मावशी.”

तिने वर बघितलं. इतकं गोड हसली! “पुढं यायचं का?” ती कुजबुजली. “बोलवतात का मला?”

“नाही मावशी. बाहेर.”

तिला कळायला जरा वेळ लागला. तिने आधी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती घाईघाईने उठली, चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलं की माणूस उठतो ना, तशी. “माझंच चुकलं गं,” म्हणाली. “मला वाटलं... असू दे. तू वाईट नको वाटून घेऊस.” आणि माझ्या गालावर हात ठेवून ती बाजूने निघून गेली. त्या हाताचं मनगट अजून नीट वळत नव्हतं.

तिच्यामागे सुवार्ता गेली. मग नोएल आणि बाकीचे. या वेळी चपलांचा आवाज झाला नाही. दार उघडंच राहिलं आणि बाहेरचं ऊन आत आलं. मी मधल्या वाटेवर उभी होते. माझ्या बाकापर्यंत दहा पावलं असतील, दारापर्यंतही तेवढीच. सुवार्ता दारात क्षणभर थांबली. तिने मागे वळून बघितलं, आणि मला ठाऊक आहे, ती माझ्यासाठी थांबली होती. शब्द मोडलेल्या माणसासाठी ती पोर पुन्हा थांबली होती.

मी जाऊन माझ्या बाकावर बसले. कुणीतरी दार लावलं. शमुवेलकाकांनी ताट माझ्यापुढे धरलं, आणि मी प्याला घेतला.

ती पोरं त्या दिवशी विहिरीवर थांबली नाहीत, सरळ फाटकाबाहेर गेली. त्यानंतर माझ्या वर्गात सातपैकी एकही आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मावशीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात नोकरी धरली आणि मायलेकी गेल्या. त्यांना निरोप द्यायला मी एस.टी. स्टँडवर गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

पुढे मी स्वतः पंच झाले, आमच्या मंडळीतली पहिली बाई. शिस्तीखाली बसवण्याचा नियम मी काढून टाकला. तोवर शमुवेलकाका वारले होते, अण्णाही वारले होते, विरोध करायला फारसं कुणी उरलं नव्हतं. आता ठिकठिकाणी पाळकांची शिबिरं भरतात आणि ‘तरुणांची मनं कशी ओळखावीत’ यावर बोलायला मला बोलावतात. मी जाते. मोकळेपणाने विचारा, मधे तोडू नका, लिहून घ्या, असं सांगते. लोक टिपून घेतात. आमच्या देवळात मागचे बाक आता रिकामेच असतात. उठून जाण्याइतकंही कुणी येत नाही. मला त्या सात जणांची इतकी आठवण येते, की शाळेच्या वयाची पोरं हसताना ऐकली तरी मी मान वळवते.

नियम बदलला तेव्हा मी मावशीला पत्र लिहिलं होतं. त्यांच्या त्या दवाखान्याच्या जुन्या पत्त्यावर, पोचलं तर पोचलं म्हणून. आत ते पान ठेवलं, मी वाचलं नाही ते, आणि सगळं कबूल केलं. दीड महिन्याने उत्तर आलं. अक्षर सुवार्ताचं होतं.

“कुमुदताईंना सलाम. आई दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. इथल्या मंडळीत तिला पहिल्याच रविवारी भोजन मिळालं, कुणी काही विचारलं नाही. तुमची चौकशी करायची. म्हणायची, कुमुदला कुणीतरी सांगा, मी रागावले नाही.”

खाली थोडी जागा सोडून आणखी एक ओळ होती.

“मी मात्र आहे.”

उलट टपाली मी एवढंच लिहिलं, ये आणि समोर बसून माझ्याशी भांड. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. फाटक वाजलं की मी अजून उठून बघते.